शेगडीवर वाळवलेलं वॉर्निश

आग जावेच्या हातांवरून दंडाकडे चढत होती आणि आमचे सासरे ओरडत होते, "माशा काढा! आधी माशा काढा!"

माशा म्हणजे गळावर बांधलेल्या खोट्या माशा. कोंबड्याचं पीस आणि रेशीम गुंडाळून त्या करायच्या. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब त्या घेऊन घटप्रभेवर मासे धरायला जायचा.

कोपऱ्यात खळीचं पातेलं होतं. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, द्यायची तांदळाची खळ, सकाळी केलेली, गार झालेली. ती मी तिच्यावर ओतली. आग विझली. जाऊ मटकन खाली बसली. तिचे हात मी बघितले, कारण दुसरं कोणी बघत नव्हतं. सासरे जमिनीवरून जळके गळ वेचत होते.

आम्ही बेळगावला लागून असलेल्या शहापूरचे विणकर. आम्हा दोघी जावांचे नवरे निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. घरी माग सासऱ्यांचा, आणि माशा बांधायचं काम आमचं. जावेची बोटं बारीक होती. तिनं मारलेली गाठ भिंगातूनही दिसायची नाही. साहेब खूश होता तो तिच्या हातावर, आणि शाबासकी घ्यायला कॅम्पात जायचे सासरे.

त्यांनीच नवं खूळ काढलं. बाजारात तेव्हा नकली रेशीम आलं होतं. लई चमकायचं. त्यांनी आम्हाला खरं रेशीम बंद करून ते वापरायला लावलं. जाऊ म्हणाली, "मामंजी, हे भिजलं की तुटतंय. मी ओढून बघितलंय."

"तू बघितलंस? मग मागावर तूच बस की. मी चूल फुंकतो."

साहेबाच्या माशा पाण्यात सुटल्या. तरी सासऱ्यांनी नकली रेशीम सोडलं नाही. वरून लेप दिला की टिकेल म्हणाले. आधी स्पिरिटात लाख विरघळवून लावली. ती पाण्यात पांढरी पडली. मग राळ लावली, ती तडकली. शेवटी साहेबाच्या बटलरनं एक बाटली आणून दिली. पिकल्या केळ्यासारखा वास. तिच्यात सेल्युलॉइडच्या मोडक्या फण्या टाकल्या की विरघळून काचेसारखं वॉर्निश व्हायचं. एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नव्हतं. ते खरंच चांगलं होतं, हे मी नाकारत नाही.

बटलरनं माझ्यासमोर सांगितलं होतं, "विस्तवापासून लांब ठेवा. साहेबानं दोनदा बजावलंय."

सासरे हसले. "आमच्या सात पिढ्या खळ वाळवत आल्या. आम्हाला वाळवायला शिकवतोस व्हय?"

पावसाळ्यात खळ दिलेला ताणा वाळत नाही, म्हणून आम्ही ताण्याखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवतो. शहापुरात घरोघर करतात. सासऱ्यांनी तेच केलं. माशा दोरीला टांगल्या, खाली शेगडी ठेवली, शेजारी वॉर्निशची वाटी. दुसऱ्या दिवशी साहेब नदीवर जाणार होता आणि हवा दमट होती. मी म्हटलं, "बटलर न्हाय म्हणालाय." ते म्हणाले, "गप बस गं." जाऊ माशा फिरवायला वाकली आणि वाटीतलं वॉर्निश भडकलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

तिला दवाखान्यात न्यायला ते तयार होईनात. तिथं विचारतील, लिहून घेतील, गोष्ट साहेबाच्या कानावर जाईल. त्यांनी तिच्या हाताला चुन्याची निवळी आणि खोबरेल लावलं आणि गल्लीत सांगितलं, भाकऱ्या करताना पदर पेटला. बायका आल्या. तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "पदर खोचायचा न्हाय का गं? एवढंबी कळू नये?" तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं. मी सासऱ्यांकडे बघत होते. ते बायकांच्या बोलण्याला मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. हातांना वास यायला लागला. तेव्हा त्यांनी मला निपाणीला तिच्या नवऱ्याला, थोरल्या दिरांना, कार्ड लिहायला बसवलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी मराठी चौथी झाले होते.

"लिही. चुलीवर पदर पेटला. थोडं भाजलंय. काळजी नसावी. यायची घाई नको."

मी लिहिलं, "मामंजींनी वॉर्निशखाली शेगडी ठेवली. आक्काचे दोन्ही हात जळले. दवाखान्यात नेत नाहीत. आजच्या आज या, नाहीतर मातीला या."

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं, चुलीवर पदर पेटला, थोडं भाजलंय, काळजी नसावी, यायची घाई नको. कार्ड मीच नेऊन टपालात टाकलं.

कार्ड टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी थोरले दीर आले. उंबऱ्यातच त्यांनी कार्ड सासऱ्यांच्या अंगावर फेकलं आणि बायकोला उचलून टांग्यात घातलं. सासरे मला म्हणाले, "माझ्या घरात राहून मला फसवलंस." मी म्हटलं, "व्हय." त्यांनी मला मारलं. मारू दे. टांगा गेला होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली. आणखी एक दिवस गेला असता तर हात नाही, बाई गेली असती, असं तो दिरांना म्हणाला.

सासऱ्यांनी पुढं दुसरीकडून माशा बांधून घेतल्या. चुलीची गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि गल्ली शेवटपर्यंत ऐकत राहिली. खरी गोष्ट माझ्याकडून कोणी ऐकली नाही, म्हणून इथं लिहिली.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो. जाऊ जगली. मी जगले. सासरेही जगले, खूप वर्षं.