शेडमधलं नाक

भंगाराच्या त्या शेडमध्ये तिला सगळे 'नाकवाली मावशी' म्हणत. प्लास्टिकच्या चुऱ्यातला कपटा लायटरने पेटवायचा, फुंकर घालून विझवायचा आणि धूर हुंगून सांगायचं, हे बाटलीचं, हे बादलीचं, हे पाइपाचं. पाइपाचा चुरा चुकून वितळवायच्या मशीनमध्ये गेला तर विषारी वाफ सुटते. त्यामुळे मावशीने हुंगल्याशिवाय पोतं पुढे सरकत नसे. बाकीच्या बायका म्हणत, "ही नाकाने कांदे सोलते आणि वर पगार घेते." मावशीला ते आवडायचं, उगाच कशाला खोटं बोला.

मग एकदा घरी दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं. शेजारीण धावत आली, तरी हिला पत्ता नाही. मावशीने साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, नवऱ्याचा घामट सदरासुद्धा हुंगून पाहिला. काही नाही. पण तोंडातून ब्र काढला नाही. नाक गेलेल्या नाकवालीला कामावर ठेवणार कोण? लेक त्याच शेडमध्ये वितळवायच्या मशीनवर कामाला, तिला सातवा महिना. बाळंतपण आईनेच करायचं होतं. मावशी ज्योतीचा रंग बघून अंदाज ठोकू लागली. हुंगायचं सोंग मात्र झकास करायची.

त्या दुपारी एक पोतं पुढे गेल्यावर खाली सांडलेल्या कपट्यावर तिला पाइपावरची छापील अक्षरं दिसली. ते पोतं तिनेच बाटलीचं म्हणून सोडलं होतं.

ती धावली. मशीनवरची माणसं तोंडावर फडकी धरून बाहेर पळत होती. लेक त्यांच्यात नव्हती. ती आत एकटीच, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी चुरा ओततेय. मावशीने दंडाला धरून तिला ओढत उघड्यावर आणलं.

"अगं, सगळे पळाले. तुला वास नाही आला?"

लेक खोकत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "मला वास येतच नाही आई, बरेच महिने झाले. डोळे तर रोजच चुरचुरतात. म्हटलं, पोतं तू बघतेस ना, मग कशाला घाबरायचं?"

मावशीने पदराने तिचे डोळे पुसले.

"पाइपाचं होतं का गं?" लेकीने विचारलं. "मग तुला कसं नाही कळलं?"

मावशीने खरं सांगून टाकलं. दोघी तिथेच जमिनीवर बसल्या, लेकीच्या पोटावर चारही हात ठेवून, बाळ हलतंय का याची वाट बघत.