पाच रेघांची बाटली

शिरपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या समाधानला काहीही फेकून देणं जिवावर येई. कृष्णधवल रोल तो घरीच, न्हाणीघरात धुवायचा आणि वापरलेला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, पुन्हा तपकिरी बाटलीत ओतून ठेवायचा. एक रोल झाला की बाटलीवर एक रेघ, अन् पुढच्या रोलला एक मिनिट जास्त. बाटलीत हवा राहिली की डेव्हलपर मरतो, म्हणून पातळी गळ्यापर्यंत यावी यासाठी तो आत काचेच्या गोट्या सोडायचा. हे शास्त्र ऐकून ऐकून बायकोला, कामिनीला, तोंडपाठ झालं होतं.

यंदा मात्र हा चिकटपणा त्याला नडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यानं आईचे, तानुबाईचे, झोक्यावर बसलेले फोटो काढले. मोबाइल समोर धरला की ती पदर ओढून घ्यायची, या जुन्या कॅमेऱ्यापुढे मात्र हसली. रोलमध्ये नऊ फोटो शिल्लक होते, ते वाया कसे घालवायचे, म्हणून कॅमेरा कपाटात गेला. आषाढात आई गेली. उरला तो आधार कार्डावरचा फोटो. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसे. त्याला हार घालायला वडील, पुना आबा, तयार नव्हते.

रविवारी सकाळी त्यानं रोल धुण्याच्या बंद टाकीत भरला, डेव्हलपर ओतला आणि घड्याळ लावलं. पाच रेघांच्या हिशेबानं बारा मिनिटं. आबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात कामिनीनं बाहेरून सहज सांगितलं, की बाटली जरा रिकामी दिसली म्हणून तिनं परवाच ती भरून ठेवली होती.

"कशानं भरली?"

"माठातल्या पाण्यानं. हवा नको, असं तुम्हीच सांगता ना?"

आधीच थकलेला डेव्हलपर, त्यात पेलाभर पाणी! घरात दुसरा नव्हता, आणि अर्ध्यावर थांबलं तर आई कायमची गेली. कामिनीवर रागावण्याची सोय नव्हती, कारण रोल चार महिने दाबून ठेवणारा तोच होता. तो टाकी उलटीसुलटी करत राहिला. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली. किती वाढवायची, हे कोणत्याच रेघेवर लिहिलेलं नव्हतं.

"दिखी ऱ्हायनी का तुनी माय?" आबांनी बाहेरून विचारलं.

विसाव्या मिनिटाला त्यानं देवाचं नाव घेऊन डेव्हलपर काढला, चित्र पक्कं करणारा हायपो ओतला, आणि वेळ भरल्यावर झाकण उघडलं. फिल्म फिकट होती. बरेच फोटो धुरकट, पण झोक्याचा एक आला होता. त्यानं ओली पट्टी खिडकीपाशी आबांसमोर धरली.

आबा डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग पट्टीतल्या तिच्या केसांकडे बोट दाखवून म्हणाले, "हाई तं लगीनना वखतनी शे. बठ्ठा केस काया शेतस."

निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं, फोटो कागदावर उतरवला की केस पुन्हा पांढरे होतील, हे त्यांना सांगायला समाधानची जीभ रेटेना.