आठच्या वर नाही

घड्याळजीला पाठीच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची सवय लागली. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा तो पावडरीवर, म्हणजे हेरॉइनवर गेला. दुकान बंद पडलं. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्याला पहिल्यांदा घेऊन आलेली बायको माझ्यासमोरच म्हणाली, "महिन्याभरात दुकान सुरू झालं नाही तर मी पोरीला घेऊन माहेरी जाणार."

इथे पावडरीची तलफ दिवसभर दाबून धरणारी उपचाराची गोळी रोज सकाळी माझ्या खिडकीपाशी येऊन, माझ्या देखत जिभेखाली ठेवायची आणि आपापल्या कामाला जायचं. किती मिलिग्रॅमची, ते डॉक्टर ठरवणार. आणि आमचे डॉक्टर म्हणजे काय विचारता! आपला एकही पेशंट आठच्या वर नाही, याचाच टेंभा मिरवायचे. औषध जसं काही त्यांच्या खिशातून जात होतं.

घड्याळजी अगदी भोळा सांब. विचारलं ते खरं सांगायचा. "डॉक्टर, दुपारी दोनपर्यंत हात स्थिर असतो. मग जांभया येतात, नाक गळतं, चिमट्यात स्क्रू धरवत नाही."

"व्यसनी माणसाला जास्तच हवं असतं," डॉक्टर म्हणाले.

"सर, थोडं वाढवून बघू या ना," मी म्हटलं. "सोळावर कितीतरी जण नीट राहतात."

"सिस्टर, तुम्ही गोळ्या वाटा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीचे पेशंट पक्के बनेल. "एकदम मस्त, डॉक्टर!" म्हणायचे आणि उरलेला दिवस पावडरीवर काढायचे. डॉक्टर त्यांचीच पाठ थोपटायचे. लघवीची तपासणी व्हायची, पण तारीख आधी सांगून! असला हा विद्वान.

तीन आठवडे घड्याळजी खरं बोलला आणि तीन आठवडे बोलणी खात राहिला. चौथ्या आठवड्यात मात्र तो हसत आला.

"उत्तम आहे, डॉक्टर. दुकान संध्याकाळपर्यंत चालतं."

"ऐकलंत, सिस्टर? म्हणे सोळा!" डॉक्टर म्हणाले आणि नव्या पेशंटांसमोर दोन शब्द बोलायला त्यांनी त्याला सोमवारचं आमंत्रणही दिलं.

खिडकीपाशी तो आला तेव्हा मी हळूच विचारलं, "दुपारी काय करता?"

"दोन वाजता शटर ओढून घेतो. दहा मिनिटांत हात स्थिर." त्याने मान खाली घातली. "बायकोला बोलू नका, सिस्टर. ती राहिलीय."

डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचं नावच काढून टाकलं असतं, म्हणजे आहे ती आठचीही गेली असती. मी तोंड बंद ठेवलं आणि गोळी त्याच्या हातावर ठेवली.