चटका म्हणून सांगितलेला वण

तुमच्या आत्याच्या कानाची गोष्ट तुम्हाला व्हिडिओ कॉलवर तुकड्यातुकड्यांनी कळली आहे, आणि तीही अर्धी हिंदीत. नीट क्रमाने कोणीच सांगितलेली नाही. मागच्या आठवड्यात तुमच्यातली धाकटी म्हणाली, कानाच्या वरच्या बाजूला दोन भोकं पाडून घेणार आहे. मी तुमच्या बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, "आई, पोट्ट्याइले काहून घाबरवून राहिली तू?" म्हणून तुम्हालाच लिहिते. आताशा दोन पानं लिहिली तरी मनगट दुखतं, पण हे लिहायला हवं.

आत्याच्या उजव्या कानाची पाळी फाटली होती. जड झुमक्यांनी भोक वर्षानुवर्षं ओघळत आलं होतं. मग एका लग्नात ओढणी अडकली आणि पाळीच्या दोन फाकी झाल्या. तिचं ऑफिस नवा रायपूरला. रोज बसमध्ये, टेबलाशी, मीटिंगमध्ये ती केस त्याच बाजूला ओढून बसायची. चाळिशीच्या बाईला कान लपवत बसावं लागतं, हे मला बघवेना. शंकर नगरात प्लास्टिक सर्जरीचा एक दवाखाना आहे. तिथे मीच तिला नेलं.

डॉक्टर बाई तरुण आणि शांत. पाळी शिवणं हे छोटंसं काम, दुपारी येऊन संध्याकाळी घरी जायचं. आधी एक फॉर्म भरायचा होता, इंग्रजीत. आत्या म्हणाली, "आई, तूच भर. तुह्यं अक्षर चांगलं आहे." आणि मी भरला. नाव, वय, औषधांची ॲलर्जी, सगळं. एक प्रश्न असा होता की घरात कोणाची जखम भरल्यावर वण जाड किंवा गाठीसारखा झाला आहे का. त्यापुढे मी स्वच्छ अक्षरात 'नो' लिहिलं.

डॉक्टरांनी तोंडीही विचारलं. "आंटी जी, घर में किसी को ऐसा निशान? सोचकर बताइए."

"नहीं," मी म्हटलं. विचार केलाच नाही.

आता माझ्या दंडाविषयी सांगते. मी शाळेत असताना देवी टोचायला माणूस यायचा. सगळ्या मुलींच्या दंडावर वाटाण्याएवढी खूण राहिली. माझी वाढत गेली. आधी चिंचोक्याएवढी झाली, मग तिला कडेने खेकड्याच्या नांग्या फुटल्या. चकचकीत, गुलाबी, टणक. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा माझ्या आईने ठरवून टाकलं की कोणी विचारलंच तर दुधाचा चटका बसला म्हणून सांगायचं. चटका हा अपघात, तो लोक पोटात घालतात. अंगातच काही आहे म्हटलं की ते पोरींमध्ये उतरेल ही भीती. आईला हे पक्कं माहीत होतं, कारण तिच्या छातीवरही तसाच एक वण होता. तो चोळीखाली झाकलेला असायचा आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

तेव्हापासून मी कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी शिवत आले. तुमच्या आजोबांना खरं माहीत होतं. आत्या आणि तुमचे बाबा मात्र चटक्याचंच ऐकत मोठे झाले. मी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की फॉर्म भरताना माझा हात अडखळला नाही. खोटं लिहिते आहे, असंसुद्धा मनात आलं नाही.

पाळी सुरेख शिवली गेली. दोन-तीन महिने आत्या केस मागे बांधून ऑफिसला जात होती. मग टाक्यांच्या रेषेवर काहीतरी कडक लागायला लागलं. हरभऱ्याएवढं, नंतर बोराएवढं. खाजायचंही. केस पुन्हा त्या बाजूला आले.

डॉक्टरांनी बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, हा केलॉइड आहे. जखम भरून आली की शरीर काम थांबवतं. काही लोकांचं थांबत नाही, ते भरतच जातं, जखमेच्या कडा ओलांडून पुढे जातं. नुसतं कापून टाकलं तर बहुतेक वेळा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. घरात कोणाला आहे हे आधी कळलं, तर हे होणार का याचा थोडा अंदाज येतो. मग टाके घालायचे की नाही याचाच आधी विचार करता येतो, आणि घातलेच तर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येतं. "लेकिन आपके यहाँ तो किसी को नहीं है," फाइल चाळत त्या म्हणाल्या. दोष देण्याचा सूर नव्हता. मी मांडीवरची पर्स उचलून दंडाशी धरली.

महिन्यातून एकदा गाठीतच इंजेक्शन द्यायचं ठरलं. गाठ इतकी टणक की औषध आत शिरत नाही, जोर लावावा लागतो. आत्या रडली नाही. टेबलाची कड धरून बसली. दुसऱ्या वेळी बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सुई भरली आणि मला पुढे बसवेना.

"मेरे हाथ पर भी है," मी म्हटलं.

"वो जला हुआ है, मैडम," आत्या म्हणाली. "दूध से."

"नहीं जला."

बाही वर सरकेना, इतकी घट्ट. पडद्यामागे जाऊन हुक काढावे लागले. डॉक्टरांनी दंड दाबून पाहिला. "ये तो वही है, आंटी जी. खुजली होती है?"

"गर्मी में. मई में ज़्यादा."

आत्या पडद्याच्या कडेशी येऊन उभी होती. त्या दिवशीचं इंजेक्शनही घेतलं. ऑटोत बसल्यावर मात्र तिने सुरू केलं.

"काहून नाही सांगतलं?"

"सवय झाली होती."

"सवय? लग्नाले पन्नास वर्ष झाले तुह्या! आता कोन पाहाले येऊन राहिलं तुले?"

ऑटोवाला आरशातून बघायला लागला. "भैया, आप सामने देखो," आत्या ओरडली. "हव दीदी," म्हणून त्याने मान वळवली. मला मात्र हसू आलं होतं, ते गुढियारीला घर येईपर्यंत गिळून बसले.

पुढचे बारा-पंधरा दिवस ती कामापुरतं बोलली. भाजी काय आणू, गॅस संपला का, एवढंच. मी माफी मागितली, ती तिने ऐकून घेतली. मग एका रविवारी दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. "तुले खाजते तं काय करते तू?"

"थंड पाण्याचा फडका ठेवते."

"मले पन दे."

दोन फडके ओले केले. ती कान धरून बसली, मी दंड धरून.

डॉक्टरांनी सगळा बेत नव्याने आखला. आधी इंजेक्शनांनी गाठ मऊ केली, मग काढली, आणि काढली त्याच दिवशी कडेला औषध सोडलं. त्यानंतर दर महिन्याला तपासणी. पाळीला चिमटा घेणारी एक क्लिप, ती घरी असेल तेवढा वेळ लावायची, आणि सिलिकॉनचं जेल. याला वर्ष उलटून गेलं. बरं झालं, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. मीही आता विचारत नाही.

तुमच्यासाठी एवढंच. तुमच्या पणजीला होतं, मला आहे, आत्याला झालं. तुम्हाला होईलच असं नाही, पण कोणीही सुई किंवा सुरी हातात घेतली की हे आधी सांगा, विचारण्याची वाट पाहू नका. लस घ्यायचीच, ती टाळू नका. पुटकुळ्या फोडू नका. धाकटे, कानाचं मला तरी पटत नाही, पण निदान डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाडू नकोस. आणि तुमच्या बाबांच्या छातीवर जे आहे, ते क्रिकेटचा चेंडू लागून झालं असं ते सांगतात. त्यांना एकदा नीट विचारा.

आज सकाळी पुन्हा गेलो होतो. डॉक्टरांनी पाळी अंगठ्याखाली फिरवली, मागची कड दोनदा दाबली. थोडं कडक लागतंय, म्हणाल्या, एक इंजेक्शन देऊन ठेवू. मला वाटलं आत्या आता चिडेल, उठून जाईल. तिने फक्त एक लांब श्वास सोडला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि कान पुढे केला.