अर्ध्यावर आटवलेलं पाणी

पूनम सागर सोसायटीत राहायला आल्यापासून मला त्या पाण्याचा संशय होता. पालिकेचं पाणी दिवसाआड यायचं, तेही थोडा वेळ. मग बिल्डिंगवाले बोअरवेलचं पाणी त्याच टाकीत सोडायचे. कधी मचूळ लागायचं, कधी बरं. नवरा म्हणायचा, तुला सगळ्यातच खोट दिसते. दिसते, काय करणार!

लेक दीड महिन्याची झाली आणि माझं दूध पुरेना. पावडरचं दूध सुरू झालं, तसा माझ्या जिवाला घोर लागला. सासूबाई बाळंतपणासाठी रत्नागिरीहून आलेल्या. त्या बाळाचं पाणी काढ्यासारखं करायच्या. पातेलंभर ठेवायचं आणि अर्धं उरेपर्यंत उकळायचं. मी सारखी ओट्यापाशी घुटमळायची. त्या गॅस बंद करायला गेल्या की म्हणायची, "राहू दे आई, अजून थोडं आटू दे."

तरी चैन पडेना. शेवटी नवऱ्याच्या मागे लागून नळाच्या पाण्याची बाटली तपासणीला पाठवली. कागद आला तो आकड्यांनी भरलेला. एका घटकापुढे खूण होती, नायट्रेट. त्याच्यासमोर तेव्हाच्या नियमांप्रमाणे मर्यादेचे दोन रकाने. आमचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त, दुसऱ्यापेक्षा कमी.

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "लिमिट में है ना मॅडम? फिर काय को टेन्शन लेती हो?"

घरी येऊन मी तो रकाना पुन्हा वाचला. मथळ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही मर्यादा दुसरं पाणी मिळत नसेल तरच धरायची. माझं डोकंच फिरलं. म्हणजे दुसरं काही नाही म्हणून हे चालवून घ्या! आणि माझ्या लेकीने काय करायचं?

तशीच तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "पाणी कसं देता?"

"उकळून. पार अर्ध्यावर आणून," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, उकळून जंतू मरतात. हे नायट्रेट नाही जात. पाण्याची वाफ होते आणि हे सगळं खाली उरतं. अर्धं केलंत म्हणजे दुप्पट दाट केलंत." एवढ्या लहान बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, ओठ आणि नखं निळी पडतात, असं म्हणत त्यांनी लेकीची बोटं एकेक करून उजेडात धरली. नखं गुलाबी होती. "आजपासून हे पाणी बंद. बोअरचं मिसळलेलं नाही असं कुठूनही आणा."

नवऱ्याने त्याच दुपारी केबिन रोडवरच्या मित्राकडून, थेट पालिकेच्या नळाचा कॅन भरून आणला. मी मात्र घरात शिरल्या शिरल्या भीतीचा सगळा राग सासूबाईंवर काढला. "एवढं आटवायला कोणी सांगितलं होतं? काढा होता का तो?"

त्या पातेल्याचं झाकण हातात घेऊन खालीच बसल्या. "अगो, मग इतके दिवस मी पोरीला काय पाजलं?" एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत तिला मांडीवर घेऊन खिडकीशी बसून होत्या, नखं बघत. नंतर गावी परत जाईपर्यंत त्यांनी दुधाच्या बाटलीला हात लावला नाही.

लेक आता चांगली धडधाकट आहे. पण तेव्हापासून मी एका वाक्याची वाट पाहत राहिले. "तूच म्हणायचीस ना, अजून थोडं आटू दे?" भांडणातसुद्धा त्या ते कधी म्हणाल्या नाहीत. आणि मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.