मांड्याआडचा चेहरा

आमच्या बारवखेडाला साडेतीनशे वर्षं झाली म्हणून तीन दिवस उत्सव झाला, त्यात ज्याला जे मिळायचं ते मिळालं. उत्सव भरवणाऱ्या नारायणरावांना फेटा मिळाला, गोकुळच्या हॉटेलाला गिऱ्हाईक मिळालं, पोरांना लेझीम खेळायला शाळेची सुट्टी मिळाली. आणि सरस्वतीबाईला मिळाला जळफळाट. तसा तो तिच्यापाशी आधीही होता, पण या वेळी वाजतगाजत मिळाला.

साडेतीनशे हा आकडा नारायणरावांनी कुठून काढला ते मला विचारू नका. बारवेच्या दगडावर काही कोरलेलं आहे आणि ते आपण वाचलं, असं ते म्हणतात. आम्ही कोणी वाचलेलं नाही, त्यामुळे आम्हाला वाद घालता येत नाही. गाव म्हातारं आहे एवढं खरं. लोणारहून मेहकरकडे जाणारी एसटी इथं थांबते, थांबली नाही तर आम्ही हात करून थांबवतो, एवढी आमची शान.

सरस्वतीबाई म्हणजे आमच्या इंद्रभानची बायको. इंद्रभान भाजीपाला करतो, मेथी, वांगी, मिरच्या. जमीन काळी, पाणी बरं, माणूस गरीब स्वभावाचा. घरातली सगळी तिखटाई बायकोकडे. ती जानेफळची. लग्न होऊन आली ती मांड्यांची विद्या घेऊनच. ज्यांनी मांडे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आणि त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं हेही सांगतो. मैद्यासारखी मऊ कणीक, आत पुरण. तो उंडा लाटायचा, मग या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत पसरवायचा. पसरतो पसरतो आणि इतका मोठा होतो की मागची बाई दिसेनाशी होते. मग चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, त्याच्या तापल्या पाठीवर तो अलगद टाकायचा. खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ. जरा नजर हलली की मांडा फाटतो आणि पुरण खापरावर बसून जळतं. त्या वासावरून अख्ख्या मांडवाला कळतं की आज मांडे कोणी बिघडवले.

पाच-सात वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात खापर म्हटलं की सरस्वतीबाई. मग कल्हईवाल्या वाहेदचं लग्न झालं आणि बुऱ्हाणपूरची चांदबी गावात आली. बुऱ्हाणपूर म्हणजे मांड्यांचं माहेरच म्हणा. चांदबीनं पहिल्याच लग्नात असा मांडा काढला की पंगतीतले लोक जेवण सोडून चुलीपाशी पाहायला गेले. कोणीतरी म्हणालं, "वा रे वा, धोतराएवढा मांडा!"

सरस्वतीबाईनं तो शब्द ऐकला. तिथंच म्हणाली, "मांडा खायचा असते का पांघरायचा?"

हे वाक्य चांदबीपर्यंत कोणी पोचवलं, ते जाऊ द्या. गावात अशा गोष्टी आपोआप पोचतात, माझे फक्त पाय दुखतात. चांदबीचं उत्तरही त्याच वाटेनं परत आलं: "सांगजा तिले, माहा मांडा पांघरता तरी येते. तिच्या मांड्याले भोकं इतके, थंडी वाजंन."

तेव्हापासून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. चांदबीनं पितळी परात घेतली, महिन्याभरात सरस्वतीबाईच्या घरी तिच्यापेक्षा वीतभर मोठी परात आली. ती दारातून आत जाईना म्हणून आडवी करून नेली. चांदबीला चष्मा लागला, तर सरस्वतीबाईला आठवड्यात अंधुक दिसायला लागलं. चांदबीची नात स्कूटी चालवायला शिकली, तेव्हा इंद्रभानच्या घरात शिकण्याजोगं तरुण कोणी नव्हतं, म्हणून साठी ओलांडलेल्या इंद्रभानला शिकावं लागलं. तो अजून वळण आलं की पाय टेकतो.

दोघी एकमेकींशी बोलत नसत असं मात्र नाही. बोलत, पण भिंतीशी बोलावं तसं. बाजारात समोरासमोर आल्या की सरस्वतीबाई मेथीच्या जुडीला म्हणायची, "काही काही लोक नुसते मोठे असतात, चव नसते." आणि चांदबी टोपलीतल्या लिंबांना म्हणायची, "काही लोकायच्या पोटात काऊन दुखते, काय माहीत."

असो. उत्सवाचं सांगतो. नारायणरावांनी शाळेच्या मोठ्या खोलीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. पायल्या, वजनं, अडकित्ते, एक न वाजणारा ग्रामोफोन, कोणाच्या तरी आजोबाची काठी. भिंतीवर जुने फोटो. त्यांतला एक फोटो नारायणरावांच्या ट्रंकेतून निघालेला, त्यांच्या बहिणीच्या लग्नातला. धूर, मांडव, मागे खापर, आणि मधोमध एक बाई दोन्ही हातांवर मांडा तोलून उभी. मांडा एवढा थोरला की बाईचं तोंड नाही, गळा नाही, साडी नाही. दिसतात फक्त दोन पंजे आणि डाव्या मनगटावर काहीतरी काळं. खाली मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: "आपल्या गावची मांडेकला. चांदबी वाहेद."

पहिल्या दिवशी सकाळीच मी ती वाचली आणि चहासुद्धा न पिता इंद्रभानच्या मळ्याकडे निघालो. अशा बातमीला उशीर झाला की ती शिळी होते.

सरस्वतीबाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. म्हटलं, "वहिनी, चांदबीचा फोटो लागला बरं शाळेत."

"लागू दे. काहाचा?"

"मांड्याचा. नारायणरावच्या बहिणीच्या लग्नातला."

तिच्या हातातली जुडी अशी आवळली गेली की काड्या मोडल्या. "त्या लग्नात खापरावर मी होतो!" ती म्हणाली.

"दोघी होत्या ना वहिनी. दोन चुली होत्या."

"दोन असतीन. पण फोटो काढण्यासारखा मांडा एकाच चुलीवर होता."

तासाभरात ती शाळेत. फोटोपुढे उभी राहिली, चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडलीच, "नारायणभाऊ! ही मी हावो! हा पाहा मनगटाले काळा दोरा. माह्या मायनं बांधला होता, नजर लागू नये म्हणून. कोणाची नजर, ते मी आता सांगत नाही."

सांगायची गरजही नव्हती. ज्या नजरेबद्दल ती बोलत होती ती नजर दारात उभी होती. चांदबी सुनेला घेऊन आपलाच फोटो पाहायला आलेली.

"दोरा?" चांदबी म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती भिंतीशी किंवा लिंबांशी न बोलता थेट बोलली. "सरस्वतीबहेन, ताविज आहे तो. माह्या अब्बानं बांधला होता. दोरा एवढा रुंद असते का?"

"ताविज मनगटाले बांधते का कोणी?"

"बुऱ्हाणपूरले बांधतात. तुले काय ठाऊक बुऱ्हाणपूर? तू कधी जानेफळच्या पुढं गेली का?"

खोली भरली. लेझीमवाली पोरंसुद्धा बाहेरचं सोडून आत आली. नारायणरावांनी फेटा सावरत हात वर केले. म्हणाले, हा फोटो मोठा करून नव्या सभागृहात कायमचा लागणार आहे, खाली नाव कोरून. तेव्हा परवा समारोपाच्या आत काय ते ठरवा. आपल्याला काही आठवत नाही, आपण तेव्हा पंगतीत वरण वाढत होतो, असंही म्हणाले.

नाव कोरून, हे ऐकल्यावर सरस्वतीबाई चष्मा पुसून दाराकडे वळली. बाहेर पडताना माझ्याजवळ हळूच बोलली, आणि हे मी टिंगलीनं सांगत नाही. म्हणाली, "भाऊजी, सातबाऱ्यावर याहिचं नाव. घरावर याहिचं. लग्नपत्रिकेत सासऱ्याचं. मेल्यावर बोर्डावर लिहितीन तेव्हाही इंद्रभानची बायको म्हणूनच लिहितीन. हे एक नाव मले पाह्यजे. अन् तेही तिले देऊन राह्यले."

पुढचे दोन दिवस गावात शोभायात्रा निघाली, बारवेवर दिवे लागले, भाषणं झाली, पण कोणाचं तिकडे लक्ष होतं? गोकुळच्या हॉटेलात एकच विषय, दोरा का ताविज. पैज लावणारे निघाले. काही जण चांदबीकडे जाऊन तिच्या मनगटाची रुंदी पाहून आले.

शेवटच्या दिवशी सरस्वतीबाईनं साक्षीदार आणला, प्रत्यक्ष नवरा. इंद्रभानला फोटोपुढे उभं केलं. "सांगा सगळ्याइले. हे हात कोणाचे?"

इंद्रभाननं फार वेळ पाहिलं. घाम पुसला. "हात बारीक दिसतात," तो म्हणाला.

"चाळीस वर्षांमागं माहे हात बारीकच होते!"

"हाव. होते." पुन्हा पाहिलं. "मांडा मात्र झकास दिसते."

"मांड्याचं नाही विचारलं तुमाले!"

तेवढ्यात चांदबीनंही वाहेदला पुढे ढकललं. वाहेद शहाणा. त्यानं फोटोकडे पाहिलंच नाही, इंद्रभानकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, चला, चहा पिऊन येऊ." दोघं असे निघाले की त्यांना पुन्हा समारोपाच्या आरतीलाच पाहिलं.

आता काय होतं म्हणून सगळे पुढे सरकले, तर बाहेर गाडीचं दार वाजलं. नारायणरावांची थोरली भावजय, पुष्पांजलीबाई, अकोल्याहून उत्सवाला आली होती. नवऱ्याची नोकरी लागल्यावर लग्नानंतर सहा महिन्यांत ती गाव सोडून गेली, पुढे सणावारालाच काय ती यायची. गोरीपान, खांद्यावर पर्स, गुडघे दुखतात म्हणून हळूहळू चालत ती फोटोपर्यंत आली आणि टाळी वाजवून म्हणाली, "अय्या! भावजी, माझा हा फोटो तुम्हाला कुठे सापडला?"

नारायणरावांनी आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

"तुमचा?" नारायणराव म्हणाले.

"मग कोणाचा? मी नवीन नवरी ना तेव्हा घरात. फोटोवाला म्हणाला, मांड्याचा फोटो काढायचा आहे. मी म्हटलं, मला धरू द्या एकदा. चुलीपाशी होत्या त्या बायकांनी माझ्या हातांवर टाकला. हे बघा ना, माझं घड्याळ! बाबांनी लग्नात दिलेलं, काळ्या पट्ट्याचं. मी ते आंघोळीलासुद्धा काढत नसे."

सगळ्यांनी माना पुढे केल्या. काळ्या पट्ट्याच्या कडेला, मांड्याच्या काठाखाली, वाटाण्याएवढं काहीतरी चकाकत होतं. घड्याळच ते. तीन दिवस ते तिथंच होतं. घड्याळ घालून मांडा पसरवणारी बाई अख्ख्या वऱ्हाडात सापडायची नाही, कारण कणीक कोपरापर्यंत चढते आणि पट्ट्याला अडकून मांडा फाटतो. हे त्या खोलीत सगळ्यांत जास्त कोणाला माहीत असेल तर त्या दोघींना. पण त्या फोटोकडे पाहत कुठं होत्या? एकीची नजर सारखी दुसरीवर.

लोक पुष्पांजलीबाईचे फोटो काढायला लागले, ती जुन्या फोटोपुढे उभी राहून मनगट दाखवत होती. सरस्वतीबाई आणि चांदबी बाहेर आल्या. शाळेच्या पायरीवर बसल्या. आधी एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. मी बुटाचा फीता बांधायला खाली वाकलो. फीता बांधायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

"पाह्यलं काय?" सरस्वतीबाई म्हणाली. "मांडा मांडा करून राह्यली. लाटणं तरी धरता येते का तिले?"

"आयुष्यात चूल नाही फुंकली," चांदबी म्हणाली. "अन् नाव तिचं."

"घड्याळ म्हणे. आंघोळीलेबी नाही काढत म्हणे."

"मंग वास मारत असंन पट्टा."

दोघी हसल्या. चांदबी जराशी सरकली. सरस्वतीबाईनंही पदर आवरून जागा केली. चाळीस वर्षांत जे कोणाला जमलं नाही ते अकोल्याच्या एका घड्याळानं केलं, असं मनात म्हणत मी फीता सोडून परत बांधायला घेतला.

"मले आता आठवलं," चांदबी म्हणाली. "फोटो झाल्यावर तिनं तो मांडा फाडला होता. धप्पकन खाली. सारं पुरण मातीत."

"हाव वं! मीच शिव्या दिल्या होत्या चुलीमागून. इतका चांगला मांडा होता माहा."

"तुहा?" चांदबी वळली. "तुहा कुठचा? माह्या चुलीवरचा होता तो."

"तुह्या चुलीवरचा असता तं तिच्या हातावर मावला असता का? पांघरुण असते तुहं!"

"अन् तुहा असता तं फोटोत भोकं नसते दिसले का?"

सरस्वतीबाई पायरीच्या इकडच्या टोकाला गेली, चांदबी तिकडच्या. मी फीता बांधून टाकला.

नारायणरावांनी समारोपाला बरीच डोकेफोड केली. शेवटी चिठ्ठी बदलली आणि नव्या सभागृहात फोटो लागला तो असा: "मांडा धरणारी: सौ. पुष्पांजली. मांडा करणारी:" आणि पुढे कोरी जागा. एकीचं नाव घातलं तर दुसरी सभागृहाला कुलूप लावील, आणि दोघींचं घातलं तर आधी कोणाचं, यावर अजून बैठक बसायची आहे.

आता दर बाजाराच्या दिवशी सरस्वतीबाई मेथीची टोपली घेऊन सभागृहावरून जाते. सरळ रस्ता सोडून जाते, लांब पडतं तरी. खिडकीतून आत डोकावते, कोरी जागा कोरीच आहे ना, तेवढं पाहते, आणि बाजाराला लागते. थोड्या वेळानं चांदबी येते, लिंबाची टोपली घेऊन. तीही डोकावते.

खिडकीची काच एका उंचीवर दोन ठिकाणी पुसून लख्ख झाली आहे. मी गोकुळच्या बाकावर बसून पाहतो. कधी वाटतं, एखाद्या सकाळी लवकर जाऊन त्या कोऱ्या जागेत खडूनं एकीचं नाव लिहावं. कोणाचं लिहू, एवढंच ठरत नाही.