रांगेतून परत फिरलो तो बुधवार

हे दवाखान्यातून घरी आले तेव्हा सासरच्या सगळ्यांचे फोन आले, "देवानेच वाचवलं." मी हो हो म्हणत होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. स्वतःचा जीव द्यायला निघालेल्या माणसाला देवाने एकदा वाचवलं. पुन्हा तसा क्षण आला तर? जयपूरच्या मालवीय नगरातल्या आमच्या घरात मी ह्यांच्या मागे मागे फिरायची. न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला की मी दाराशी जाऊन उभी राहायची. तालुक्याच्या गावी शिकून मी घरातली पहिली पदवीधर झाले, पण नवऱ्याला "पुन्हा तसं वाटतंय का?" एवढं विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं तर नको ते ह्यांच्या मनात येईल, अशी भीती.

डॉक्टरांनी पुढच्या बुधवारी दाखवायला बोलावलं होतं. नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली. हे म्हणाले, "अगं, बाप्पाने वाचवलं ना? मग आज त्यालाच भेटू. दवाखान्यात बसलेलं माझ्या बँकेतल्या कोणी पाहिलं म्हणजे?" खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं. दोघांनी कडक उपास धरला, त्यात ह्यांची सकाळची गोळीही राहिली, आणि टेकडीखालच्या गणपतीला गेलो.

जयपुरात बुधवार गणपतीचा. रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. उभ्या उभ्या ह्यांचे हात कापू लागले. मागच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "भैया, तबीयत ठीक नहीं है क्या?"

"व्रत है," मी घाईने म्हणाले.

तेवढ्यात हे म्हणाले, "मैंने मरने की कोशिश की थी, माँजी."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. लाजेने मला वर बघवेना. त्या बाई मात्र दचकल्या नाहीत.

"डॉक्टर को दिखा रहा है ना?"

"आज ही बुलाया था."

"तो यहाँ क्या लड्डू बाँटने आया है? जा! गणेशजी कहीं भागे नहीं जा रहे. तेरी ढोक मैं दे दूँगी."

ढोक म्हणजे इकडे देवापुढे डोकं टेकणं. हे चक्क हसले. दर्शन न घेताच आम्ही रिक्षात बसलो.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं, मरणाचे विचार येतात का? हे म्हणाले, "येतात. कालही आला होता." काल तर दोन पोळ्या जेवले म्हणून मी निश्चिंत होते! मग हे खूप रडले. डॉक्टरांनी गोळ्या माझ्या ताब्यात ठेवायला सांगितल्या, दर आठवड्याला बोलावलं, आणि विचार आला की कुणाला तरी सांगायचं, असं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. उपास तिथेच सुटला.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या, याचा मी शोध घेत नाही. फक्त हात जोडते. देवावर सोपवणं म्हणजे काय, हे मला थोडंसं कळलंय. ह्यांना मी एकटीच राखीन, हा हट्ट मी सोडला. गावाहून दीर येऊन राहिलेत, डॉक्टर आहेत. भीती अजून आहे. पण आता रोज चहा ठेवताना मी विचारते, "अहो, आज?" कधी "नाही" म्हणतात. कधी म्हणतात, "हो, थोडा वेळ." तसं म्हणाले की मी गॅस बंद करते आणि त्यांच्याजवळ जाऊन बसते.